पाइपावर पहारा, जमिनीकडे पाठ

पनवेलची खांदा कॉलनी दोन रासायनिक पट्ट्यांच्या मधे वसली आहे. उत्तरेला कळंबोली ओलांडली की तळोजा एमआयडीसी लागते. पळस्प्याकडून जुन्या पुणे रस्त्याला लागून दांडफाट्याला आत वळलं की रसायनी. सिडकोनं नवीन पनवेल आणि खांदा कॉलनीत घरं बांधली, तेव्हा ती घेणाऱ्यांत या दोन्ही पट्ट्यांतल्या कारखान्यांत पाळीवर जाणारी माणसंही होती. कारखान्यांनी रोजगार दिला, घरं दिली, मुलांची शिक्षणं केली. ते इथल्या माणसाला सांगायला नको. पण रासायनिक कारखानदारीचा एक हिशेब जमिनीखाली चालतो आणि तो मांडायला आपल्याकडे फार उशीर झाला. हा उशीर कसा होत गेला, त्याची ही हकिगत.

सुरुवात १९६० पासून करावी लागते. तोवर रंग, औषधं आणि कीटकनाशकं बनवायला लागणारी बरीचशी मधली रसायनं परदेशातून येत. कापडगिरण्या मुंबईत, पण त्यांच्या रंगाचा कच्चा माल युरोपातून, हे स्वतंत्र देशाला परवडणारं नव्हतं. १२ डिसेंबर १९६० रोजी केंद्र सरकारनं हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स (एचओसी) ही सार्वजनिक कंपनी स्थापन केली आणि तिच्या कारखान्यासाठी पाताळगंगेचा काठ निवडला. निवड विचारपूर्वक होती. मुंबई बंदर जवळ, पुणे रस्ता हाताशी, आणि मुख्य म्हणजे पाणी. १९१५ पासून खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून सुटणारं पाणी पाताळगंगेत येत असल्यानं कोकणातल्या इतर नद्यांसारखी ती उन्हाळ्यात आटत नाही. नायट्रोबेंझीन, ॲनिलिन, क्लोरोबेंझीन अशी नावं असलेला माल इथं तयार होऊ लागला. पुढं इस्रोच्या रॉकेटांना लागणारा नायट्रोजन टेट्रॉक्साइडही इथूनच जाऊ लागला. एचओसीच्या आगेमागे इतर कारखाने आले आणि गावं, आळ्या, बाजार असं सगळं मिळून रसायनी उभी राहिली.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची (एमआयडीसी) स्थापना झाली. मुंबईतली कारखान्यांची गर्दी बाहेर न्यायची, हे धोरण ठरलं होतंच. ठाणे-बेलापूर, अंबरनाथ, डोंबिवली, तारापूर, रोहा, महाड, लोटे अशी साखळी तयार होत गेली. तिचाच एक दुवा तळोजा. नावडे, तोंडरे, पेंधर, पडघे, घोट, वळवली या गावांच्या अवतीभवती भूखंड पडले. भातशेती आणि खाडीची मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी वस्तीच्या शेजारी औषधांचे, रंगांचे, कीटकनाशकांचे आणि धातूकामाचे कारखाने आले. राष्ट्रीय हरित लवादासमोर नंतर जी आकडेवारी आली, तिच्यानुसार तळोज्यात साधारण ९७७ उद्योग, आणि त्यांत रासायनिक, औषधी व अन्नप्रक्रियेचे मिळून ३४७.

या सगळ्या उद्योगांत एक गोष्ट समान असते, ती म्हणजे सॉल्व्हंट. औषधाचा रेणू घडवायचा तर तो कशात तरी विरघळवावा लागतो. रंग पातळ करायला सॉल्व्हंट, यंत्राच्या भागावरचं ग्रीस काढायला सॉल्व्हंट, तयार माल धुवायला पुन्हा तोच. टोल्यूइन, बेंझीन, मिथिलीन क्लोराइड, ट्रायक्लोरोइथिलीन ही त्यातली नेहमीची मंडळी. वापरून मळलेला सॉल्व्हंट ऊर्ध्वपातन करून परत मिळवता येतो, पण तळाशी चिकट गाळ उरतो. त्या गाळाचं काय करायचं, याबद्दल साठच्या आणि सत्तरच्या दशकांत जगातल्या बऱ्याच देशांत धड नियम नव्हता. ड्रम आवाराच्या मागच्या कोपऱ्यात रचायचे, खड्डा खणून त्यात ओतायचं, किंवा जमिनीखालच्या टाकीत साठवून ठेवायचं, ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत होती. उडून जाणारा पदार्थ आहे, उडून जाईल, असा त्या काळच्या तंत्रज्ञांचाही समज होता.

प्रदूषणाचा विचारच झाला नाही, असं मात्र नाही. उलट महाराष्ट्रानं देशाच्या आधी पाऊल उचललं. राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा १९६९ चा. त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा त्यानंतर, १९७४ मध्ये आला. नागपूरची नीरी ही संशोधनसंस्था तर १९५८ पासूनच काम करत होती. पण हे सगळं लक्ष एकाच जागी लागलेलं होतं: कारखान्यातून बाहेर पडणारा पाइप. पाइपातून काय येतं, किती येतं, त्याची आम्लता किती, ऑक्सिजनची मागणी किती. परवाने त्यावर, तपासण्या त्यावर, खटलेही त्यावर. भूजलाचा उल्लेख कायद्यात होता, तरी यंत्रणेचं अंग त्या दिशेला कधी वळलं नाही. नदी फेसाळली की दिसते, मासे मेले की वास येतो, लोक आरडाओरडा करतात. विहिरीच्या पाण्यात उतरलेल्या ट्रायक्लोरोइथिलीनला अपायकारक प्रमाणातही बहुधा ना रंग असतो, ना चव.

सॉल्व्हंट उडून जात नाही, तो खाली जातो, हे नीट दाखवून दिलं पश्चिम जर्मनीतल्या फ्रीडरिश श्विले या भूजलतज्ज्ञानं. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत त्यांनी काचेच्या टाक्यांत वाळू भरली, तिच्यात पाण्याची पातळी राखली आणि वरून क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट सोडले. बेंझीन-टोल्यूइनसारखे हलके सॉल्व्हंट भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगत राहतात, त्यांचा माग तरी लागतो. ट्रायक्लोरोइथिलीन पाण्याच्या जवळपास दीडपट जड. ते पाण्याच्या पातळीशी थांबतच नाही. पाणी भेदून बारीक बोटांसारख्या धारांनी तळापर्यंत उतरतं, वाटेत वाळूच्या कणांमध्ये थेंब अडकवत जातं आणि शेवटी न झिरपणाऱ्या थरावर साचून बसतं. तिथून ते पाण्यात अगदी सावकाश विरघळत राहतं, वर्षानुवर्षं.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथिलीनची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर ट्रायक्लोरोइथिलीन म्हणजे सुमारे १.४६ किलो. तेवढ्यानं जवळजवळ २९ कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत येतं. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर एक लाख वस्तीच्या गावाला हे पाणी तीन आठवडे पुरलं असतं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१२ मध्ये ट्रायक्लोरोइथिलीनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं, हेही इथंच सांगायला हवं.

आणि श्विलेंच्या टाकीत वाळू होती. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. वर माती, मग मुरूम, मग फटी पडलेला कातळ, मधेच लाल गेरूचा थर, खाली पुन्हा कातळ. कोकणात पाणी या मुरमात आणि फटींत असतं. एका बोअरला भरपूर पाणी लागतं आणि शंभर फुटांवरची दुसरी कोरडी जाते, हे इथल्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे. सॉल्व्हंटही त्याच फटींनी जातो. म्हणून इथं एका विहिरीचं पाणी चांगलं निघालं, एवढ्यावरून शेजारच्या विहिरीबद्दल काहीच सांगता येत नाही.

जगाला याची जाग आली ती स्वच्छ समजल्या जाणाऱ्या उद्योगामुळे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराच्या दक्षिण भागात फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर कंपनीचा चिप बनवण्याचा कारखाना होता. धुराडं नाही, काजळी नाही, भोवती हिरवळ. डिसेंबर १९८१ मध्ये असं लक्षात आलं की तिथली वापरलेल्या सॉल्व्हंटची जमिनीखालची टाकी गळते आहे. जवळच शहराला पाणी पुरवणारी एक विहीर होती. तिच्या पाण्यात ट्रायक्लोरोइथेन हा आणखी एक क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट सापडला. विहीर बंद झाली. शेजारच्या लॉस पासेऑस वस्तीत गर्भपात आणि बाळांमधले जन्मजात दोष यांच्या तक्रारी होत्या. १९८५ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याच्या पाहणीत त्यांचं प्रमाण खरोखरच जास्त आढळलं. पण ते त्या गळतीमुळेच, असं पाहणीला ठामपणे सांगता आलं नाही. ही हतबलता अशा प्रत्येक प्रकरणात पुन्हा पुन्हा दिसते. नुकसान समोर असतं, विष समोर असतं, आणि दोघांमधला दुवा न्यायालयात टिकेल इतका घट्ट बांधता येत नाही.

मग शोध सुरू झाला तेव्हा एकामागून एक कारखान्यांच्या टाक्या गळक्या निघाल्या. आज सांता क्लारा काउंटीत, म्हणजे सिलिकॉन व्हॅलीत, अमेरिकेच्या केंद्रीय ‘सुपरफंड’ यादीत गेलेली २३ ठिकाणं आहेत. त्या देशातल्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीत इतकी नाहीत. माउंटन व्ह्यू, सनीव्हेल, सांता क्लारा हे कितीतरी मराठी घरांचे आजचे पत्ते आहेत, आणि त्यांतल्या काही रस्त्यांच्या खाली ही सफाई अजून चालू आहे.

सुपरफंडचा कायदा ११ डिसेंबर १९८० चा. न्यूयॉर्क राज्यात लव्ह कॅनॉल या ठिकाणी रासायनिक कचऱ्याच्या जुन्या भरावावर शाळा आणि घरं उभी राहिली होती. १९७८ मध्ये तिथल्या कुटुंबांना हलवावं लागलं. त्या संतापातून हा कायदा आला. त्याचं मर्म दोन गोष्टींत होतं. ज्यानं घाण केली त्यानंच ती काढायची, मग ती करताना तो कायद्यात बसत होता की नाही हा प्रश्न गौण. आणि तो सापडला नाही किंवा बुडाला, तर काम अडू नये म्हणून रासायनिक आणि तेल उद्योगांवरच्या करातून निधी उभा करायचा. हा कर १९९५ अखेर संपला, तो पुन्हा लागू व्हायला सव्वीस वर्षांहून अधिक काळ गेला. दरम्यान निधी आटला आणि बरीच कामं रखडली. चांगला कायदाही पैशाविना लंगडतो, हे इथं दिसलं.

सफाईची पहिली पद्धत सरळ होती. दूषित भूजल पंपानं उपसायचं, वर आणून हवेच्या झोताखालून किंवा कोळशाच्या गाळणीतून न्यायचं आणि स्वच्छ झालेलं पाणी सोडून द्यायचं. ऐंशीच्या दशकात शेकडो ठिकाणी असे पंप बसले. सुरुवातीची काही वर्षं पाण्यातलं प्रमाण झपाट्यानं उतरे, मग एका पातळीला येऊन अडकून बसे. पंप बंद केला की पुन्हा चढे. लोणच्याची बरणी कितीदाही विसळली तरी झाकण उघडताच वास येतो, तसं काहीसं. फटींमध्ये अडकलेले थेंब आणि चिकणमातीच्या पोटात शिरलेला अंश नव्या पाण्याला पुन्हा पुन्हा बाधित करत होते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं ७७ ठिकाणांचा आढावा घेतला, तेव्हा ६९ ठिकाणी उद्दिष्ट अजून गाठलेलंच नव्हतं.

या निराशेतून नव्या वाटा निघाल्या आणि त्यातली एक मला विशेष मोलाची वाटते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात रॉबर्ट गिलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट साध्या लोखंडाच्या कणांच्या सान्निध्यात विघटित होतात. लोखंड गंजतं आणि गंजताना रेणूतला क्लोरीन सोडवतं. १९९१ मध्ये त्यांनी त्याचा जमिनीत प्रयोग केला. १९९४-९५ च्या सुमारास सनीव्हेलमध्ये एका जुन्या चिप कारखान्याच्या जागी भूजलाच्या प्रवाहाला आडवी अशी सुमारे चार फूट जाडीची लोखंडी कणांची भिंत जमिनीत पुरण्यात आली. पंप नाही, वीज नाही; पाणी आपल्या गतीनं भिंतीतून झिरपतं आणि पलीकडे स्वच्छ होऊन निघतं. काही ठिकाणी मातीतली वाफ नळ्यांनी ओढून काढतात. १९९७ पासून अशा जिवाणूंचीही ओळख पटली की जे क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट वापरूनच जगतात आणि त्यांचं निरुपद्रवी इथिलीन करतात. मात्र ही साखळी अर्धवट राहिली तर वाटेत व्हिनाइल क्लोराइड साचतं, आणि ते मूळ पदार्थापेक्षाही घातक. तेव्हा जिवाणू सोडून दिले की काम झालं, असंही नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक बारीक, कष्टाचं काम आहे: नमुना घेणं. दोन इंच व्यासाची नळी जमिनीत उतरवून निरीक्षण विहीर करतात. नळीत साचून राहिलेलं पाणी आधी काढून टाकायचं, ताजं पाणी आलं की ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरायची, टेफ्लॉनचा पडदा असलेलं झाकण लावायचं, कुपी उलटी करून बोटानं टिचकी मारायची आणि आत एकही बुडबुडा नाही ना, हे उजेडात पाहायचं. बुडबुडा राहिला तर सॉल्व्हंट पाण्यातून निसटून त्यात जातो आणि प्रयोगशाळेत विषारी पाणी स्वच्छ ठरतं. मग कुपी बर्फात. आपल्याकडे विहिरीच्या पाण्याची जी नेहमीची तपासणी होते, ती क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड यांची. प्लास्टिकच्या बाटलीत भरून नेलेल्या त्या नमुन्यातून सॉल्व्हंट कधीच सापडणार नाही.

आता भारताकडे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळची वायुगळती झाली आणि त्या हादऱ्यातून १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. घातक कचऱ्याचे पहिले नियम २८ जुलै १९८९ चे. म्हणजे रसायनीत कारखाना सुरू होऊन जवळपास दोन दशकं होईपर्यंत अशा कचऱ्यासाठी देशात स्वतंत्र नियम नव्हता. त्या काळात देशभरात जे जमिनीत गेलं, त्याची नोंद ठेवायची कुणावर सक्तीच नव्हती. हा दोष एखाद्या कारखान्याचा म्हणून मिटवता येत नाही. ती राज्यव्यवस्थेची चूक होती.

नेमकं त्याच सुमारास राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावानं भारताला भूजलाचा पहिला मोठा धडा दिला. तिथं एच-ॲसिड नावाचा, रंगासाठी लागणारा मधला पदार्थ बनत होता. ते सॉल्व्हंट नव्हे, पण रसायनी-तळोज्याच्या रंगउद्योगाच्या घरचंच. उत्पादन फार काळ चाललं नाही, तरी सुमारे अडीच हजार टन गाळ उघड्यावर पसरला. पावसानं त्याचा अर्क जमिनीत उतरवला. साठेक विहिरी गडद तांबड्या-काळ्या झाल्या, जनावरांनाही पाणी पाजता येईना. लोक इतके खवळले की जमावबंदी लावावी लागली. नागपूरच्या नीरीच्या शास्त्रज्ञांनी तिथं जाऊन पाहणी केली आणि ३५० हेक्टर जमीन बाधित असल्याचं न्यायालयाला सांगितलं. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: घाण करणाऱ्यानंच निस्तरायचं, आणि त्यात भरपाईबरोबर जमीन-पाणी पूर्ववत करण्याचा खर्चही आला. सफाईचा खर्च ३७ कोटी ३८ लाखांच्या वर ठरला. कंपनीनं अर्जामागून अर्ज केले. जुलै २०११ मध्ये न्यायालयानं चक्रवाढ व्याजासह पैसे भरायला सांगितलं. निकाल जिंकून पंधरा वर्षं झाली तरी गावकऱ्यांच्या हाती वसुलीचा आदेशच होता. तत्त्व म्हणून बिछडीचा निकाल थोर आहे. अंमलबजावणी म्हणून तो आपल्या व्यवस्थेचं मोठं अपयश आहे.

भोपाळच्या बंद कारखान्याची जमीनही तशीच पडून होती. १९९९ मध्ये ग्रीनपीसच्या तपासणीत आसपासच्या भूजलात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड असे क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट आढळले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या वस्त्यांना नळाचं पाणी द्यायला सांगितलं. नीरी आणि हैदराबादची भूभौतिकी संस्था यांनी २०१० च्या अहवालात दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला. कारखान्याच्या गोदामात साठवलेला थोडासा कचरा जाळायचा कुठं, यावरच पंधरा-वीस वर्षं गेली. एक पर्याय नागपूरजवळच्या बोरखेडीतल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचा होता. २०११ मध्ये तो पुढं येताच विदर्भातून जोरदार विरोध झाला आणि महाराष्ट्र सरकारनं नकार दिला. नागपूरकरांची भीती मला समजते. अखेर ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला पीथमपूरला नेऊन जूनअखेर जाळला गेला. लाखो टन माती आणि तिच्याखालचं पाणी हा प्रश्न वेगळाच राहिला.

तळोज्याची गोष्ट या काळात दोन अंगांनी पुढं गेली. घातक कचऱ्यावर सर्वोच्च न्यायालयात खटला चालू असताना राज्याराज्यांत सामायिक विल्हेवाट केंद्रं उभी राहू लागली. महाराष्ट्रातलं अशा केंद्रांपैकी एक मोठं केंद्र तळोज्यातच झालं. खाली अस्तर घातलेली भरावभूमी, झिरपा गोळा करायची व्यवस्था आणि भट्टी. इतर औद्योगिक वसाहतींतले ट्रकही इथं येऊ लागले. उघड्यावर फेकण्यापेक्षा हे शतपटीनं बरं, यात शंका नाही. सांडपाण्यासाठी कारखान्यांच्या सहकारी संस्थेचा सामायिक प्रक्रिया प्रकल्प होता. त्याची क्षमता दिवसाला सव्वादोन कोटी लिटर. प्रक्रिया केलेलं पाणी खाडीत जायचं.

तळोज्याच्या कासाडी नदीकाठच्या लोकांना मात्र वेगळंच दिसत होतं. बोईट, निवटे, चिंबोऱ्या, कोळंबी यांवर घर चालवणारे कोळी सांगत होते की जाळ्यात काही येत नाही. पाण्याला रंग, वास, पृष्ठभागावर मेलेले मासे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळ्या रंगाचे भटके कुत्रे फिरू लागले. कासाडीच्या परिसरात अन्न शोधताना त्यांच्या अंगाला कारखान्याचा रंग लागला होता. ती छायाचित्रं जगभर गेली, प्रदूषण मंडळानं रंगाच्या कारखान्यावर बंदची कारवाई केली. त्याच सुमारास नवी मुंबई महापालिकेच्या तपासणीत प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याची जैविक ऑक्सिजनची मागणी लिटरला ८० मिलिग्रॅम निघाल्याचं प्रसिद्ध झालं. ती ६ च्या वर गेली की माशांना जगणं अवघड होतं. वर्षानुवर्षं तक्रारी करणाऱ्या मच्छीमारांचं जे कुणी ऐकलं नव्हतं, ते निळ्या कुत्र्यांनी ऐकवलं. याचं मला दुःख आहे.

२०१८ मध्ये पनवेलचे नगरसेवक अरविंद म्हात्रे राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. लवादानं कठोर भूमिका घेतली. प्रक्रिया प्रकल्पाला अंतरिम भरपाई म्हणून कोट्यवधी रुपये भरायला लावले, देखरेखीसाठी समिती नेमली. पनवेल तालुक्याच्या इतिहासात एका लोकप्रतिनिधीच्या अर्जानं उद्योग आणि यंत्रणा दोघांनाही इतका जाब द्यावा लागला, ही मोठी गोष्ट. पण या लढ्याच्या केंद्रस्थानी नदी आणि खाडी होती, आणि ते साहजिक होतं. जे दिसतं त्यासाठीच माणूस आधी झगडतो.

इकडे रसायनीत एक पर्व संपत होतं. आयातीच्या स्पर्धेत एचओसी टिकली नाही. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं रसायनीचे प्रकल्प बंद करायचं ठरवलं. रॉकेटला लागणारं ते रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे द्यायचा आणि ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायची. कामगारांच्या दृष्टीनं तो काळा दिवस होता आणि त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथं मुद्दा जमिनीचा. पन्नास-साठ वर्षांपूर्वी उभे राहिलेले कारखाने एकेक करून बंद होतात, त्यांच्या जागा हात बदलतात. ठाणे-बेलापूर रस्त्यावर जुन्या कारखान्यांच्या जागी आयटी पार्क आले. माउंटन व्ह्यूमध्येही तेच झालं होतं. फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन यांच्या जुन्या जागांवर नव्या कंपन्यांची कार्यालयं आली. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तिथल्या गूगलच्या दोन इमारतींमध्ये जमिनीतून वर आलेली ट्रायक्लोरोइथिलीनची वाफ मर्यादेपेक्षा जास्त भरली. कारखाने गेल्याला दशकं झाली होती आणि सफाईही कित्येक वर्षं चालू होती. जागा विकताना मातीची आणि खालच्या पाण्याची तपासणी आधी का हवी, याचं याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

२४ जुलै २०२५ रोजी केंद्र सरकारनं दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले. भारतात पहिल्यांदाच दूषित जमीन ही कायद्याच्या दृष्टीनं एक वेगळी, ओळखता येणारी गोष्ट झाली. राज्यात प्रदूषण मंडळ स्थापन झाल्यापासून ५५ वर्षांनी. तोवर केंद्रीय यादीत देशभरातली १०३ ठिकाणं नोंदली गेली होती आणि प्रत्यक्ष सफाई सुरू झाली होती फक्त सात ठिकाणी. नव्या नियमांनुसार जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित ठिकाणांचा अहवाल द्यायचा. मंडळानं किंवा तज्ज्ञ संस्थेनं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. दूषित ठरलं तर दोषी शोधायचा, खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा ऐपत नसली तर केंद्र आणि राज्यानं मिळून करायचं. अडचणी उघड आहेत. सहा महिन्यांचा अहवाल ज्या कार्यालयानं द्यायचा, त्याच्याकडे निरीक्षण विहिरीही नाहीत आणि ती ४० मिलिलिटरची कुपी भरणारा प्रशिक्षित माणूसही क्वचितच. तरीही हत्यार हाती आलं आहे, आणि ते वापरलं गेलं नाही तर दोष कायद्याचा राहणार नाही.

म्हणून पनवेल तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना, महापालिकेच्या सदस्यांना आणि गृहनिर्माण संस्थांना विनंती आहे. रायगड जिल्हाधिकाऱ्यांच्या सहामाही अहवालात तळोजा, रसायनी आणि पाताळगंगा पट्ट्यातली कोणती ठिकाणं आहेत, हे लेखी विचारा. गावातल्या ज्या जुन्या विहिरींचं पाणी लोकांनी वासामुळे किंवा रंगामुळे सोडून दिलं, त्यांची नावं-ठिकाणं वयस्कर माणसांकडून लिहून घ्या आणि त्या अर्जाला जोडा. तपासणीत सॉल्व्हंटचा समावेश हवा, असं त्यात स्पष्ट नमूद करा. आणि मिळालेला अहवाल मराठीत पंचायतीच्या फलकावर लावा.